पडद्यामागचा हात

(शीव कोळीवाडा येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



'संगणक आणि परस्परसंवादी कला' हा आजचा विषय वाचून काही ज्येष्ठांना हे आपले काम नव्हे असे वाटले असेल. म्हणून आरंभ संगणकापासून करीत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावापासून करतो.

तेथील ठाकर कलावंतांकडे दोन परंपरा आहेत. एक चित्रकथीची. सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी असते. एकेक चित्र समोर धरून वीणा-टाळांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगायचा. दुसरी चामड्याच्या बाहुल्यांची. मागे दिवा, पुढे पडदा आणि त्यावर हलणारी रावणाची सावली. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. येथे चित्र तेच असले तरी कथन रोज तेच नसते. सांगणाऱ्याचा एक डोळा श्रोत्यांवर असतो. ते रंगले की युद्ध लांबते, मुले पेंगू लागली की मारुतीराय जरा लवकर लंकेत पोहोचतात!

१८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. मुंबईत ल्युमिएर बंधूंचा चित्रपट दाखवला गेला तो १८९६ साली, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर उमटत आणि सरकवली की हलल्याचा भास होई. साधन नवे होते, पण कथा सांगायला माणूस होताच.

मग दादासाहेब फाळके आले. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम केलेल्या या माणसाने येथून जवळच, दादरला, 'राजा हरिश्चंद्र' चित्रित केला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पौराणिक चित्रे चालू-बोलू लागण्याच्या वाटेवरचे ते मोठे पाऊल होते. मात्र फीत एकदा तयार झाली की प्रेक्षक हसो वा रडो, ती बदलत नाही. हा तोटा आपण विसरतो.

संगणकाने येथेच फेर धरला आहे. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २००६-०७ च्या सुमारास 'शॅडो' ही मालिका केली. समोर उभे राहिले की आपली सावली पडद्यावर येते, वरून वस्तूंच्या सावल्या येऊन तिला चिकटतात आणि आपण हललो की ते ओझेही हलते. पिंगुळीत बाहुली दुसऱ्याच्या हाती असते. येथे बाहुली आपणच. ही कलाकृती प्रेक्षकावाचून अपुरी आहे. केवळ पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून ती झटकून टाकणे मला पटत नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभे केले, २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता या चित्रांची संगणकीय छायाचित्रे काढावीत, बोट लावताच पान उलटेल अशी सोय करावी, असे कोणीही सुचवील. करावी जरूर. पण पान उलटणे हा संवाद नव्हे. श्रोत्याकडे पाहून कथा वळवणे ही त्या कलेची अर्धी बाजू, आणि ती एकाही कागदावर काढलेली नाही. चित्रे जपली आणि ती गेली, तर यंत्राला आपण शिकवणार तरी काय?

संगणक शिकणाऱ्या तरुणांना म्हणूनच सांगतो, कॅमेरा काढण्याआधी एक पूर्ण आख्यान बसून ऐका. रात्री दादरला कोकणकन्या मिळते. कुडाळला उतरलात की पिंगुळी जवळच आहे.