कोर्टात ‘कबूल’ म्हणण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)

आज बचतीच्या हिशेबाआधी एक वेगळा विषय घेते. आपल्यातल्या कितीतरी जणी दारूविरुद्ध उभ्या राहिल्यात. आडव्या बाटलीला मत दिलंय, भट्टी बंद करा म्हणून पोलीस ठाण्यावर गेल्यात. त्यामुळेच स्वतःचं पोर दारूच्या केसमध्ये अडकलं की बोलायची चोरी होते. मग गटात कर्ज मागताना कारण सांगायचं ‘खत’ नाहीतर ‘दवाखाना’, आणि पैसे जातात कुणा मध्यस्थाच्या खिशात. पावती नाही, काही नाही.

पोरगा कॉलेजसाठी तालुक्याला खोली करून राहतो. ३१ डिसेंबर असतो, नाहीतर कुणाचा वाढदिवस. मित्राची मोटारसायकल, नाक्यावर पोलिसांचं फुंकायचं यंत्र. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर पिऊन गोंधळ घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ : २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा समाजसेवा. शिवाय राज्याचा दारूबंदी कायदा आहेच. वर्धा, गडचिरोलीत तर अख्खा जिल्हाच दारूबंदीचा. तिथं जवळ बाटली सापडली तरी गुन्हा.

आई रागानं म्हणते, “सडू दे आत!” राग खरा आहे, पण तो घरी काढा. वरची दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत, म्हणजे जामीन हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. अटक केली तर पोलिसांनी कारण सांगायचं, नातेवाइकाला कळवायचं आणि २४ तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करायचं.

खरी गोची पुढे आहे. कोर्टाच्या आवारात कुणीतरी भेटतो. “मावशी, कबूल करू द्या, दंड भरा, दहा मिनिटांत मोकळे.” मोकळे होतातही. पण न्यायाधीशापुढे ‘गुन्हा कबूल’ म्हणणं म्हणजे दोषी ठरणं. तो एसटीत बिनतिकीट सापडल्याचा दंड नव्हे, ती शिक्षेची नोंद आहे. उद्या हाच पोरगा पोलीस भरतीत मैदान मारून येईल आणि पडताळणीच्या फॉर्मवर प्रश्न असेल : कधी गुन्हा दाखल झाला होता का? शिक्षा झाली होती का?

तिथं ‘नाही’ लिहायचा मोह होतो. लिहू देऊ नका. किरकोळ केसपेक्षा ती लपवणं जास्त महागात पडतं. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या एका निकालात सांगितलंय की माहिती खरी द्यायची. तरुण वयातला क्षुल्लक गुन्हा असेल तर नोकरी देणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो.

कबूल करूच नका, असं मी म्हणत नाही. यंत्राची पावती समोर असेल तर वकीलही कदाचित तेच सांगेल. पण आधी वकिलाला विचारा. पहिलाच, लहान गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायाधीश समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू शकतात. अशा सुटकेनंतर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. प्रत्येक केसमध्ये हे मिळेलच असं नाही. पण मागितलंच नाही तर कोण देणार? आणि पोरगा १८ च्या आतला असेल तर केस बाल न्याय मंडळापुढे जाते. जन्मदाखला लगेच दाखवा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. कोठडीत असलेल्याला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कमी उत्पन्न असलेल्याला तिथं सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाईला तर उत्पन्न न बघता मिळतो, हे आपल्या स्वतःच्या कामासाठीही ध्यानात ठेवा. फोन १५१००.

कुणाच्या घरी कोर्टाचा कागद आला असेल तर त्यावरची तारीख आधी बघा. तारीख चुकली तर वॉरंट निघू शकतं. सभा झाल्यावर मला बाजूला घेऊन कागद दाखवा, समितीच्या ऑफिसात सोबत येते. इतिवृत्ताच्या वहीत नाव येणार नाही.