‘इतर’ या रकान्यातून



अध्यक्षपदासाठी माझं नाव कोणी सुचवलं ते मला अजून कळलेलं नाही. मी पुढारी नाही आणि वाहतूकतज्ज्ञ तर नाहीच. चौतीस वर्षं हिशेब लिहिले आणि तेवढीच वर्षं मुंबईत बसच्या, टॅक्सीच्या, रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो, एवढीच माझी पात्रता. प्रवासी संघटनांची परिषद म्हटल्यावर व्यासपीठावरून रिक्षावाल्यांना चार शब्द सुनावले की टाळ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या दोन रांगांत युनियनची मंडळी येऊन बसली आहेत. ती आली याचा मला आनंद आहे. भांडायचंच तर समोरासमोर भांडू.

सुरुवात एका वहीपासून करतो. काही वर्षांपूर्वी भाडेवाढीवर सूचना मागवल्या होत्या. कोणत्या कचेरीनं, ते महत्त्वाचं नाही. मी चार पानं लिहून काढली, तीनदा बेरीज तपासली आणि ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. दाराशी हजेरीची वही होती. तिच्यात रकाने आखलेले: अधिकारी, मालक संघटना, चालक संघटना, पत्रकार. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, “कुठली युनियन?” म्हटलं, “कुठलीच नाही, मी प्रवासी.” त्यांनी चष्मा वर केला, पान उलटून पाहिलं, पट्टी घेतली आणि कडेला पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली. वर लिहिलं, ‘इतर’. तिथं सही केली. दिवसभरात त्या रकान्यात माझ्याखाली आणखी एकच सही पडली, आणि ती व्यक्ती चुकून त्या मजल्यावर आली होती.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. आपण जात नाही, मग त्यांनी रकाना का आखावा?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. त्याच्या कलम 68 मध्ये राज्य आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांची रचना दिली आहे. टॅक्सी-रिक्षांचे परवाने ही प्राधिकरणं देतात आणि आपल्याकडे भाड्याच्या दरावर शिक्कामोर्तबही तिथंच होतं. अध्यक्ष न्यायदानाचा किंवा अपिलं ऐकण्याचा अनुभव असलेला हवा. प्रादेशिक प्राधिकरणावर त्याच्याखेरीज दोनपर्यंत सदस्य नेमता येतात, आणि ते सरकारी अधिकारी असोत वा नसोत, असं कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढं आणखी एक अट आहे: कोणत्याही वाहतूक व्यवसायात ज्याचा पैसा गुंतला आहे, मग तो मालक असो की नोकर, त्याला नेमता येणार नाही. म्हणजे नागरिकाची खुर्ची कायद्यानं मांडून ठेवलेली आहे. आपल्याकडे तिच्यावर बहुतेक वेळा आणखी एक अधिकारी बसतो. म्हणून ‘नवा नागरी आयोग नेमा’ अशी मागणी कोणी केली की मी जरा हात आखडता घेतो. आहे त्या खुर्चीवरची धूळ आधी झटकू या.

समित्या नेमल्या गेल्याच नाहीत असंही नाही. 2012 साली हकीम यांची एकसदस्य समिती आली आणि दरवर्षी भाड्याचा फेरविचार करण्याचं सूत्र तिनं दिलं. त्यावर ग्राहक संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मग 2016 मध्ये खटुआ समिती झाली. या समितीत ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी होता, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. तिचा अहवाल 2017 मध्ये आला आणि तो स्वीकारायला 2020 उजाडलं. लांब जाणाऱ्याला दर थोडा उतरावा, दुपारच्या मंद वेळेत सवलत मिळावी, अशा सूचना त्यात होत्या. भाडेवाढीचं सूत्र कागदावरून मीटरवर उतरलं. सवलती कागदावरच राहिल्या. समितीतला नागरिक अहवालावर सही करून घरी जातो आणि अंमलबजावणीच्या बैठकीला त्याला कोणी बोलावत नाही, तेव्हा असंच होतं.

आता जरा आकडे. हिशेबनिसाला बोलावलंत, तर हे सोसावं लागणार. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं 23 वरून 26 झालं आणि टॅक्सीचं 28 वरून 31. हे पहिल्या दीड किलोमीटरचं. रिक्षाचा किलोमीटरचा दर 17 रुपये 14 पैसे. त्याची दीडपट केली की 25 रुपये 71 पैसे होतात, आणि त्याचे 26 धरले. टॅक्सीचा दर 20 रुपये 66 पैसे, दीडपट 30 रुपये 99 पैसे, धरले 31. पूर्णांक करण्याची ही रीत चुकीची नाही. पण एका ठिकाणी 1 पैसा वर गेला आणि दुसऱ्या ठिकाणी 29, हे प्राधिकरणाच्या टेबलाभोवती कोणी मोठ्यानं वाचून दाखवलं असेल का, असा मला प्रश्न पडतो. (त्याच सुमाराला एसटीची भाडेवाढ झाली ती 14.95 टक्के. सरळ 15 म्हणवलं नाही. बाटाच्या बुटाची किंमत आठवली.)

तुम्ही म्हणाल, 29 पैशांसाठी भांडायचं? नाही. दिवसात वीस जवळची भाडी मारली तरी चालकाच्या हाती त्यातून 5 रुपये 80 पैसे पडतात. कटिंग चहालाही ते पुरत नाहीत. भांडायचं ते त्या 17.14 वर. हा आकडा कुठून येतो? गाडीची किंमत, सीएनजी, दुरुस्ती, विमा, चालकाचा घरखर्च, हे सगळं त्यात असतं. या बेरजेला मग भागायचं असतं गाडी दिवसाकाठी भाड्यावर किती किलोमीटर धावते त्यानं. इथंच गोम आहे. स्टेशनवर सोडून नाक्यावर परत येणारा रिकामा फेरा किती धरायचा? सीएनजीच्या रांगेत गेलेला तास कुणाच्या खात्यावर टाकायचा? रिकामा फेरा जास्त धरला तर प्रवासी भरडतो आणि कमी धरला तर चालक. मग तो चालक काय करतो, ते आपल्याला रोज संध्याकाळी कळतं. तो जवळचं भाडं नाकारतो. नाकारणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण त्या नकाराची मुळं भागाकारात शोधायला जाणारा प्रवासी मी अजून पाहिलेला नाही. समोर बसलेल्या मंडळींना हा भागाकार तोंडपाठ असतो. आपल्याला नसतो, आणि बैठकीत आपण हरतो ते या एका कारणानं.

बेस्टकडे वळतो. माझ्या लेखी या शहराचा नागरी देखरेखीचा सर्वांत जुना अनुभव तिथं आहे. स्वातंत्र्याच्या बरोबर आठ दिवस आधी, 7 ऑगस्ट 1947 रोजी, महापालिकेनं वीज आणि वाहतूक कंपनी ताब्यात घेतली आणि तिच्यावर समिती बसवली. या समितीच्या सदस्यांबद्दल कायद्यात फार शहाणी तरतूद आहे: प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, उद्योग, अर्थ किंवा कामगार प्रश्न यांचा अनुभव असलेली माणसं घ्यावीत, आणि ती नगरसेवक असलीच पाहिजेत असं नाही. पक्षांनी या वाक्याचा पहिला भाग विसरून दुसऱ्या भागाचा सोयीनं उपयोग केला. नगरसेवकपद न मिळालेल्याची सोय तिथं होऊ लागली. तरीसुद्धा ऑक्टोबरात महाव्यवस्थापक अर्थसंकल्प घेऊन समितीपुढं यायचे, सदस्य आरडाओरडा करायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं, आणि आपल्या गल्लीतली बस का बंद होतेय ते आपल्याला निदान कळायचं.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. प्रशासक आले. समिती उरली नाही. आणि 9 मे 2025 रोजी साध्या बसचं किमान भाडं 5 वरून 10 झालं, वातानुकूलितचं 6 वरून 12. दुप्पट! भाडं वाढवायला नको होतं असं मी म्हणत नाही. 2019 साली ते उतरवून 5 केलं तेव्हाच तूट कशी भरणार, हे विचारायला हवं होतं. एकेकाळी चार हजारांवर असलेल्या बसगाड्या तीन हजारांच्याही खाली का आल्या, हेही. माझी तक्रार एवढीच, की रोज पास काढणाऱ्या माणसाच्या वतीनं “थांबा, टप्प्याटप्प्यानं करा” म्हणायला त्या दिवशी खुर्चीवर कोणीही नव्हतं. ज्या आरडाओरड्याला आपण हसायचो, त्याची किंमत मला त्या आठवड्यात कळली.

बाहेर सगळं आलबेल आहे, असं मात्र समजू नका. न्यूयॉर्कमध्ये 1971 पासून टॅक्सी आणि लिमोझिन आयोग आहे. नऊ आयुक्त, त्यातले आठ बिनपगारी, आणि नियम करण्याआधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. कागदावर आपल्याला हवं ते सगळं तिथं आहे. तरी त्याच आयोगाच्या डोळ्यांदेखत टॅक्सीच्या परवान्याची, तिथल्या बिल्ल्याची, किंमत 2014 च्या सुमाराला दहा लाख डॉलरवर चढली आणि मग कोसळली. कर्ज काढून बिल्ला घेतलेले चालक, त्यांत आपल्या उपखंडातले कितीतरी, बुडाले. 2021 मध्ये ते उपोषणाला बसले तेव्हा कुठं कर्जमाफीची तडजोड झाली. शहर स्वतःच लिलावात बिल्ले विकून तिजोरी भरत होतं. भाव फुगतोय हे ते सांगेल कशाला? हितसंबंध नको ही कलम 68 मधली अट सरकारलाही लावून पाहायला हवी, असं मला वाटतं ते यामुळं. आयोगाच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. 2018 च्या डिसेंबरात याच आयोगानं अ‍ॅपवर गाडी चालवणाऱ्यांना किमान मोबदला ठरवून दिला, खर्च वजा जाता तासाला 17.22 डॉलर. चालकाच्या रिकाम्या वेळेचा हिशेब सूत्रात धरला होता. मघाचा आपला रिकामा फेरा, दुसरं काही नाही.

अ‍ॅपच्या गाड्यांबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. काळ्या-पिवळीच्या मीटरला सील असतं. ते तपासून लावणारं सरकारी खातं असतं, दर बदलला की मीटर पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, तोवर चालक ते प्लास्टिक चढवलेलं दरपत्रक काचेवरच्या पट्टीतून काढून दाखवतो आणि आपण दोघं मिळून बोटानं ओळ शोधतो. त्यात वाद होतो, पण कागद दोघांच्या हातात असतो. अ‍ॅपचं मीटर कंपनीच्या संगणकात आहे आणि त्याला सील नाही. केंद्राच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ दराच्या दुपटीपर्यंत भाडं चढवायला मुभा आहे. ठीक. पण दुपटीपर्यंतच चढलं हे पाहणार कोण, आणि कुठल्या खिडकीतून?

तेव्हा या परिषदेनं एकच ठराव करावा, असं मी सुचवतो. प्राधिकरणांवरच्या बिनसरकारी जागेवर प्रवाशांतली माणसं नेमावीत, आणि दराचा निर्णय जाहीर होईल त्याच दिवशी त्यामागचा भागाकारही जाहीर व्हावा. आपल्याकडून मी एक अट घालतो: आपण ज्यांची नावं पाठवू, त्यांनी आधी महिनाभर रिक्षा स्टँडवर बसून रिकामे फेरे मोजावेत. युनियनच्या मंडळींना विनंती आहे, की त्यांना चहा पाजावा आणि आकडे फुगवून सांगू नयेत.

दुपारच्या सत्राआधी पंचवीस मिनिटं आहेत. दर कसा बसतो त्याचं कोष्टक मी हातानं करून आणलंय, चाळीस प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. तिसऱ्या ओळीत विम्याचा आकडा मी अंदाजानं धरला आहे. ज्यांच्याकडे यंदाची पावती असेल त्यांनी तो दुरुस्त करून द्यावा. आणि हो, हजेरीच्या वहीत आज पहिला रकाना ‘प्रवासी’ आहे. येताना सही राहिली असेल तर करून घ्या.