परमुलखातलं पहिलं वर्ष
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू जर्मनीत असतेस, तिथलं काहीतरी बोल. पण दहाच मिनिटं हां!" दहा मिनिटांत देश सांगून होत नाही. म्हणून मी फक्त पहिल्या वर्षाबद्दल बोलणार आहे. शेवटी एक मागणंही आहे, तेव्हा मध्येच कोणी चहाला उठू नका.

मी २०१३ च्या जानेवारीत नोकरीसाठी श्टुटगार्टला गेले. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. पण बहिणीच्या घरी आल्यासारखं काही वाटलं नाही. संध्याकाळी पाचच्या आत काळोख, आणि घर मिळालं तेही कसं? तिथे बऱ्याच भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर नसतंच. म्हणजे खोली असते. ओटा, सिंक, शेगडी आपण आणायची. छतातून दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबत होत्या. पहिले पंधरा दिवस मी विजेच्या किटलीत पाणी उकळून त्यात उपमा भिजवला. आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" हिवाळ्यात आपल्यात साडेचार तासांचा फरक. तिची रात्रीची भांडी आवरून व्हायची तेव्हा माझं ऑफिसच सुटायचं होतं.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध आणायचं राहिलं, तर सोमवारपर्यंत काळा चहा. रविवारी भिंतीला ड्रिल मारायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. आणि त्या भागाची खास गोष्ट म्हणजे 'केअरवोखे', झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने जिना झाडायचा, पुसायचा. पाळी आली की दाराला पाटी लागते. माझ्या दारावर पाटी लावायला खालच्या मजल्यावरच्या आजी स्वतः आल्या आणि बादली कुठे ठेवतात तेही दाखवून गेल्या. मला फार बरं वाटलं. शाळेत आपण वर्ग झाडायचो, तसंच की हे!

भाषेचं मात्र तसं सोपं नव्हतं. पुण्याला मॅक्सम्युलर भवनात मी जर्मन शिकले होते. आपल्या लोकांना ती भाषा काही बाबतींत सोपी जाते. आपल्यासारखीच तीन लिंगं: तो, ती, ते. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखं 'डू' आणि 'झी'. आकडेही आपल्यासारखे उलटे. पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. जर्मनही 'पाच आणि वीस' असंच म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला, तेव्हा मी ऑफिसात सांगितलं, "तुमचीही मुलं इथेच अडखळतात ना?" सगळे हसून हो म्हणाले.

पण पुस्तकातली जर्मन वेगळी आणि श्टुटगार्टची श्वेबिश बोली वेगळी. मीटिंगमध्ये निम्मं डोक्यावरून जायचं. उरलेलं कळायचं, पण मी मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. दहा वर्षं प्रोग्रॅमिंग केलेली बाई मी, त्या टेबलाशी मुकी बसायचे. गप्प माणसाबद्दल लोक काय समजतात, ते मला तिथे कळलं. त्याला काही सांगायचंच नाही असं धरतात, आणि हळूहळू विचारणंच सोडतात. सहा महिन्यांनी मी परतीच्या तिकिटाचे दर बघायला लागले होते.

मी टिकले ती खालच्या आजींमुळे. दर गुरुवारी अर्धा तास त्या मला कॉफीला बोलवायच्या. शिकवत काही नव्हत्या. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायच्या, एवढंच. मध्ये शब्द पुरवायच्या नाहीत, घड्याळाकडे बघायच्या नाहीत. चार वर्षं आम्ही एकमेकींना 'तुम्ही' म्हणत होतो. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "आता मला तू म्हण." तिथे हा मान मोठ्याने द्यायचा असतो. त्या दिवशी घरी येऊन मी आईला फोन केला.

श्टुटगार्टहून उल्मकडे जाताना गाइसलिंगेनचा घाट लागतो. १८५० साली तिथे रेल्वे झाली. जड मालगाड्यांना तिथे मागून इंजिन लावून ढकलतात. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा शेजारच्या माणसाला मी अर्धा तास बँकर इंजिनांबद्दल ऐकवलं! आपला बोरघाट १८६३ चा, सदतीस फुटांना एक फूट चढ. कर्जतला गाडी थांबणार, मागे बँकर लागणार, तेवढ्यात फलाटावर वडापाव. खोपोली लोकलने केळवलीहून शाळेला येताना हे मी रोज पाहिलंय. चढ मोठा असला की चांगल्या इंजिनालाही मागून रेटा लागतो. त्यात इंजिनाचा कमीपणा नसतो.

आता मागणं. आपल्याबरोबर पाचवीला वाडीवरची एक कातकरी मुलगी होती. नाव घेत नाही, पण खिडकीजवळ कोण बसायचं ते तुम्हाला आठवेल. ती बोलायची नाही. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायची, पावसाच्या तोंडाशी परत यायची. सातवीनंतर आलीच नाही. घरी ती कातकरी बोलायची. आपलं पुस्तकातलं मराठी म्हणजे तिच्यासाठी माझी मीटिंगमधली जर्मनच होती. मी विमानाने सात हजार किलोमीटरच्या आसपास गेले तेव्हा परकी झाले. ती वाडीवरून शाळेपर्यंत चालत येऊन परकी होत होती. माझ्याकडे पदवी होती, पगार होता, गुरुवारची कॉफी होती. तिच्याकडे यातलं काय होतं?

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून आजही अशी मुलं शाळेत येतात. खोपोलीच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेल्यांची मुलंही येतात. त्यांनाही आपली भाषा नवीनच. सर, बाई, तुमच्यापुढे साठ-साठ मुलं असायची, प्रत्येकाचं वाक्य संपेपर्यंत थांबणं एकट्या शिक्षकाला शक्य नाही. पण आपली बॅच मोठी आहे, आणि निम्मे जण इथेच राहतात. स्नेहमेळाव्याच्या शिल्लक रकमेतून कमान उभारायची की घड्याळ द्यायचं, यावर ग्रुपवर चर्चा चालली आहे. माझं म्हणणं असं, की ती रक्कम पाचवीच्या या मुलांसाठी ठेवू या. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघा-तिघांनी त्यांच्याबरोबर तासभर बसायचं. शिकवायची घाई नको. आधी त्यांचे शब्द आपण शिकू, मग आपले त्यांना देऊ. भट्टीवरून परतणाऱ्या मुलांसाठी जूनमध्ये आणखी थोडे तास. पुस्तकं, खाऊ आणि जाण्यायेण्याचा खर्च आम्ही बाहेर राहणारे उचलू. मी माझं पहिल्या वर्षाचं आज खजिनदारांकडे देऊन जाते आहे.

कमानीला माझा विरोध नाही, ती पुढच्या वर्षी करू. पण यंदाच्या पाचवीतली मुलं पुढच्या वर्षी पाचवीत नसतील, आणि काही जण शाळेतही नसतील.

कोण कोण शनिवारी येणार, त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्या. वही आणली आहे.