एका हरलेल्या डावाचा अभ्यास

बुद्धिबळाचे छापील डाव पुष्कळ लोक वर्तमानपत्रांतील निकालासारखे वाचतात. कोण जिंकला, किती खेळ्यांत जिंकला, एवढें पाहिलें कीं पान उलटलें. हरणाऱ्यानें जी सुरुवात केली ती वाईट, असा निवाडाहि ते तत्काळ देऊन टाकतात. हा निवाडा किती फसवा असतो हें पाहावयाचें असेल, तर श्रोत्यांनीं न्यूयॉर्क येथें २३ ऑक्टोबर १९१८ रोजीं झालेला कॅपाब्लांका व मार्शल यांचा डाव पटावर मांडून पाहावा.

क्यूबाचा कॅपाब्लांका पांढरीं मोहरीं घेऊन खेळत होता. अमेरिकेचा विजेता मार्शल याला त्यानें १९०९ च्या सामन्यांत ८ डाव जिंकून व एकच गमावून नमविलें होतें. सुरुवात झाली ती सोळाव्या शतकांतील स्पॅनिश धर्मोपदेशक रुय लोपेझ याच्या नांवाच्या पद्धतीनें. राजापुढील प्यादीं समोरासमोर, दोन्हीकडून घोडे बाहेर, आणि पांढऱ्याचा उंट काळ्या घोड्यावर रोखलेला. सात खेळ्यांपर्यंत नवल कांहीं नाहीं. दोन्ही राजे कोटांत जाऊन बसले. आठव्या खेळीला मात्र मार्शलनें वजिरापुढचें प्यादें एकदम दोन घरें सरकविलें. त्यापायीं त्याचें राजापुढचें प्यादें फुकट जात होतें. मोबदला इतकाच कीं, पांढऱ्याचीं वजिराकडील मोहरीं अजून घरींच होतीं, आणि काळ्याचीं राजाच्या रोखानें मोकळीं होत होतीं.

हल्ल्याच्या साऱ्या वाटा प्रतिपक्षाला ठाऊक असणार हें कॅपाब्लांकानें ओळखलें. तरीहि हें आपल्या कौशल्याला आव्हान आहे अशा भावनेनें आपण तें प्यादें घेतलें, असें त्यानें पुढें लिहिलें आहे. मार्शलनें हें अस्त्र कित्येक वर्षें केवळ त्याच्याकरितां राखून ठेवलें होतें, ही गोष्ट मोठी रंगतदार खरी. पण तिला पुरावा नाहीं.

तेराव्या खेळीला काळा घोडा पांढऱ्या राजाच्या दाराशीं आला. प्याद्यानें तो मारावा असा मोह कोणालाहि होईल. परंतु मग काळा वजीर येऊन कोट फोडूं लागतो. कॅपाब्लांकानें घोडा सोडून स्वतःचा वजीर बाहेर काढला. पंधराव्या खेळीला त्याच घोड्यानें राजाजवळचें प्यादें खाल्लें. आतां तो घोडा वजिरानें मारणें किती सोपें दिसतें! पण तसें करतां काळ्या उंटाचा शह बसतो आणि डाव उलटतो. कॅपाब्लांकानें हत्ती फक्त एक घर पुढें केला. येथें अभ्यासकानें पुस्तक मिटून अर्धा तास पटाकडे पाहावें. या एका खेळीचें कारण आपलें आपण शोधण्यांत जो लाभ आहे, तो शंभर डाव पाठ करण्यांत नाहीं. हल्ला हळूहळू ओसरला, आणि ३६ व्या खेळीला पांढऱ्यानें डाव जिंकला.

मग मार्शलची कल्पना टाकाऊ ठरली काय? अकराव्या खेळीला त्यानें पटाच्या मध्यावरील घोडा मागें घेतला होता. त्याऐवजीं वजिराकडील उंटापुढचें प्यादें एक घर सारून त्या घोड्याला आधार देणें अधिक बळकट, असें पुढील शोधांत आढळलें. आज ही चढाई मार्शलच्याच नांवानें ओळखली जाते, आणि तिची धास्ती एवढी कीं, पांढरीं मोहरीं घेणारे कित्येक नामांकित खेळाडू आठव्या खेळीलाच निराळी वाट धरून ती टाळतात.