शिबिरानंतरची सेवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजारी भिक्खूची सेवा भगवान बुद्धांनी स्वतःच्या हाताने केली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी रोगी डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवले. १० मार्चला प्लेगानेच त्या गेल्या. आणि आम्ही? नाशिकच्या वस्तीत एक दिवस आरोग्य शिबिर घेतो, फोटो काढतो, घरी जातो.

क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण साधारण सहा महिने घ्याव्या लागतात. खोकला थांबला की आपला माणूस गोळी सोडतो, खाडा पडेल म्हणून दवाखाना टाळतो. मग रोग उलटतो, औषधाला दाद देत नाही.

म्हणून शिबिराची वही आम्ही विहारात जपू. बोभाटा न करता दर महिन्याला रोग्याच्या घरी जाऊ, गोळी चालू आहे का विचारू. हेच खरे दान.

नमो बुद्धाय!