वाडवडिलांच्या निवडीची खूण

(पेडणे तालुक्यात शेतकरी व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाचा पाऊस कोसळू लागला की खाजनातील मीठ धुऊन निघते आणि मगच तेथे भाताचे बी पडते, ही गोष्ट शापोरा व तेरेखोल नद्यांच्या काठी राहणाऱ्या आपणांस मी सांगावयास नको. डिचोली तालुक्यातील मये, नार्वे या भागांतील मंडळीही ती जाणून आहेत. बांध फुटला किंवा मानशीचे दार निकामी झाले, तर खारे पाणी शेतात शिरते व उभे पीक करपते. मात्र सर्वच रोपे मरत नाहीत. काही तग धरतात, त्यांना लोंब्या येतात आणि पुढील वर्षाचे बियाणे त्यांच्यातूनच राखले जाते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अशा निवडीतून आपले कोरगूट भात सिद्ध झाले. लाल दाण्याचे, कुसळ असलेले आणि खारटाण सोसणारे हे भात म्हणजे कागदावर न उतरलेली एक बखरच होय.

ती बखर वाचण्याची विद्या आता उपलब्ध झाली आहे. मी शास्त्रशाखेचा पदवीधर नव्हे. तरी या विद्येचे मर्म कोणाही शेतकऱ्यास समजण्याजोगे आहे, असे मला वाटते.

भाताच्या बारा गुणसूत्रांवर सुमारे ३९ कोटी अक्षरांचा मजकूर साठविलेला असतो. अक्षरे मात्र चारच. हा संपूर्ण मजकूर २००५ साली प्रसिद्ध झाला आणि त्या आंतरराष्ट्रीय कार्यात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता. पुढे २०१४ मध्ये जगभरातील सुमारे ३,००० वाणांच्या मजकुराची माहिती खुली करण्यात आली. एका वाणाचा मजकूर दुसऱ्याशी ताडून पाहिला, तर ठिकठिकाणी अक्षरभेद आढळतात. परंतु काही भाग असे असतात की तेथे हे भेद जवळजवळ नाहीसे झालेले दिसतात.

याचे कारण काय? जत्रेत पालखी पुढे निघाली की भोई, अब्दागिरीवाले, वाजंत्री असे सारे तिच्याबरोबर पुढे जातात. तसेच येथे घडते. शेतकऱ्याने एखाद्या गुणासाठी रोप निवडले, म्हणजे त्या गुणाच्या जनुकाशेजारचा मजकूरही आपोआप निवडला जातो. तो सर्वत्र पसरतो आणि त्या जागेवरील इतर पाठभेद मागे पडतात. पुढे पिढ्यांमागून पिढ्या जातात, संकर होतात आणि हा जोडमजकूर दोन्ही बाजूंनी तुटत जातो. म्हणून एकसारखा पट्टा लांब असेल तर निवड अलीकडची आणि आखूड असेल तर ती फार जुनी, असा अंदाज बांधता येतो. ह्यालाच निवडीची खूण म्हणतात.

तांदळातील एक उदाहरण पाहा. रानटी भाताचा दाणा लाल असतो. एका जनुकातील केवळ १४ अक्षरे गळाल्याने तो पांढरा झाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तपासलेल्या पांढऱ्या वाणांपैकी शेकडा सुमारे ९८ वाणांत हीच गळती आढळली. म्हणजे एकदाच घडलेला बदल माणसाने आवडीने उचलला आणि देशोदेशी पोहोचविला. आपल्या कोरगुटाने लाल रंग टिकवून ठेवला, हीही एक निवडच म्हणावी लागेल.

मिठाचेही तसेच आहे. बंगालमधील नोना बोक्रा या भातातील एक जनुक २००५ साली ओळखण्यात आले. पात्यांपर्यंत पोहोचणाऱ्या सोडियमचे प्रमाण ते आवरते. केरळातील पोक्कळी भातातही पहिल्या गुणसूत्रावर असाच महत्त्वाचा भाग सापडला आहे. कोरगुटाची परीक्षा करावयाची, तर खाजनातील कोरगूट आणि मोरडावरील भात शेजारी ठेवून दोहोंतील भेद नेमका कोठे एकवटला आहे, ते पाहावे लागते. जुने गोवे येथील केंद्रीय तटीय कृषि अनुसंधान संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान १ व गोवा धान २ ही वाणे दिली आहेत. गोठ्यातही हाच न्याय लागू पडतो. पापण्यांसकट पांढरीशुभ्र असलेली आपली श्वेतकपिला गाय स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे, आणि तिच्या अंगीही अनेक पिढ्यांच्या गोपालकांची पसंती साठलेली आहे.

आता कळीचा मुद्दा. बियाणे तुटून एखाद्या वाणाची मोजकीच रोपे उरली, तर भेद एका ठिकाणचे नव्हे, तर साऱ्या मजकुरातून नाहीसे होतात. मग निवडीची खूण आणि नुसता ऱ्हास यांतील फरक ओळखणे अत्यंत कठीण होऊन बसते. गावोगावच्या खाजनांतील कोरगूट जाऊन एकाच घरची एक गोणी शिल्लक राहिली, तर भात उरेल, पण बखर वाचता येणार नाही. बांध फुटून पडीक राहिलेली शेते आणि जया, ज्योती यांसारख्या वाणांचा प्रसार पाहता ही भीती काल्पनिक नव्हे. नवी वाणे जरूर लावावीत. परंतु एक कुणगा जुन्या बियाण्यासाठी राखून ठेवावा.

बियाणे निरनिराळ्या शेतांतील असेल तर ते एकत्र मिसळू नका. प्रत्येकाबरोबर गाव, शेताचा प्रकार, बी कोणाकडून आले आणि किती वर्षांपासून पेरले जाते, एवढे लिहून ठेवा. शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तर घरातील वृद्धांची माहितीही नोंदली जाईल. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास आपले पारंपरिक वाण स्वतःच्या नावे नोंदविता येते. विभागीय कृषि कार्यालयांतील अधिकाऱ्यांनी त्यासाठी गावकऱ्यांस हात द्यावा.

आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांस अक्षरओळख नव्हती; तरी त्यांनी बियाण्यात जे लिहून ठेवले, ते ३९ कोटी अक्षरांतून आज शोधले जात आहे. ते पुसले जाणार नाही, एवढी काळजी आपण घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.