कावेरीकाठचे भात आणि प्रकाशाची झडप

(राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळेच्या सभागृहात झालेले भाषण)



तंजावर म्हटले की मराठी मनाला व्यंकोजीराजे आणि सरफोजीराजे आठवतात. आजचा विज्ञान दिन ज्यांच्या शोधामुळे पाळला जातो, त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या घराण्याचे मूळही त्याच कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, पोरसकुडी गावी आहे. तिथल्या भातखाचरांवरून वारा गेला की सारी रोपे एका दिशेला झुकतात. वारा पडला की स्वतःच्या ताठपणाने सावकाश उभी राहतात. द्रवस्फटिक समजून घेण्यास हे चित्र पुरेसे आहे.

द्रवस्फटिक पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे काडीसारखे लांबट रेणू स्फटिकाप्रमाणे एक दिशा धरून असतात. फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो 1888 साली, रामन यांच्या जन्मवर्षीच, प्रथम आढळला. दोन काचांमध्ये त्याचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर ठेवून बाहेरून ध्रुवक लावले, की प्रकाशाची झडप तयार होते. वीज दिली की रेणू वळतात आणि प्रकाश अडतो किंवा सुटतो. मनगटी घड्याळापासून दूरचित्रवाणीपर्यंत हेच तत्त्व वापरात आहे.

अडचण आहे ती परतीची. विजेच्या जोराने रेणू झटकन वळतात. वीज काढल्यावर मात्र भाताच्या रोपांसारखे आपल्याच बळावर परततात. त्यात काही मिलिसेकंद जातात. जुन्या पडद्यांवर क्रिकेटच्या चेंडूमागे शेपूट दिसे, त्याचे एक कारण हेच. थर निम्मा पातळ केला तर परतीचा वेळ चौथाईवर येतो, परंतु काचा किती जवळ आणाव्यात यालाही मर्यादा आहे. 1980 मध्ये क्लार्क आणि लागेरवाल यांनी वेगळ्या जातीचा द्रवस्फटिक वापरून जाताना व येताना, दोन्ही वेळा विजेलाच कामाला लावले आणि काळ मायक्रोसेकंदांवर आणला. वेगाबरोबर नाजूकपणाही आला. पडद्यावर जरा दाब पडला तरी रेणूंची मांडणी विसकटे.

जगभर वेगाचा असा पाठलाग चालू असताना रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर निराळ्याच प्रश्नात गुंतले होते. (ताऱ्यांवर संशोधन करणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ते पुतणे, या दोघांची गल्लत नेहमी होते.) भाच्याचे शिक्षण आपल्या नागपूर विद्यापीठातले : 1951 मध्ये एम.एस्सी., आणि मामांच्या हाताखाली काम करून 1954 मध्ये डी.एस्सी. पुढे म्हैसूरला, आणि 1971 पासून बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी द्रवस्फटिकांचा अभ्यास उभा केला.

द्रवस्फटिक होण्यास रेणू लांबटच हवा, अशी तोवरची समजूत होती. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की चकतीसारखे रेणूही भाकऱ्यांच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचले जाऊन द्रवस्फटिक बनतात. शोधनिबंध बंगळूरहून निघणाऱ्या ‘प्रमाण’ या नियतकालिकात छापला गेला; त्यासाठी विलायतेची वाट धरावी लागली नाही.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. त्या वेळी विचारला असता, तर सांगण्याजोगा उपयोग डोळ्यांसमोर नव्हता. काडीच्या रेणूंचा पडदा बाजूने पाहिला की रंग बदलत आणि चित्र पुसट होई. 1990 च्या दशकात त्यावर उपाय म्हणून चकतीच्याच रेणूंचे पातळ आवरण संगणकाच्या पडद्यांवर येऊ लागले, आणि बाकाच्या कडेला बसलेल्या मुलालाही चित्र नीट दिसू लागले.